बाहुलीचं तोंड काळं कुणी केलं?

आमच्या वस्तीतल्या पोरांनी ठरवलंय, चौदा एप्रिलला समाजमंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर नवं चित्र काढायचं. बाबासाहेब आहेत, बुद्ध आहे, सावित्रीबाई आहेत. आता चौथं पाहिजे. आणि चौथं म्हणून पोरांनी निवडलंय ते अमेरिकेतल्या एका काळ्या बाईनं १९७२ साली केलेलं एक खोकं. खोक्यात खेळण्यातली बाई उभी. एका हातात झाडू, दुसऱ्या बाजूला रायफल. मोबाईलवर फोटो दाखवून पोरं म्हणाली, दादा, ही तर आपलीच. हिला लुगडं नेसवायचं, मागं निळा मारायचा, की झालं.

मी म्हणालो, जरा थांबा.

पोरं भडकली. 'तुमची पिढी पन्नास वर्षं थांबाच म्हणत आली.' या रागाबद्दल माझी तक्रार नाही. एकेकाळी आमच्याही तोंडात हेच वाक्य होतं. तक्रार इतकीच, की चित्र पुरतं बघायच्या आधीच आपण त्याला कामाला जुंपतो. प्रस्थापित समीक्षक रंगांवर दहा पानं लिहितो आणि चित्रातल्या माणसाचं नाव विसरतो. आपण माणूस ध्यानात ठेवतो आणि रंगाकडं बघतच नाही. म्हंजे दोघंही अर्धंच चित्र बघणार. म्हणून हा लेख. आपला अंक एका शाईत निघतो, स्टेन्सिलवर रंग उमटत नाहीत. तेव्हा रंग मी शब्दांत सांगतो. ज्याच्याकडं चित्र असेल त्यानं ते समोर ठेवून वाचावं.

बाईचं नाव बेट्टी सार. जन्म १९२६, लॉस एंजेलिस. साठीच्या दशकात ती जुन्या बाजारात हिंडून काळ्यांची टिंगल करणारी खेळणी, डबे, पोस्टकार्डं गोळा करायची. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला आणि तिचा संताप या सामानात उतरला. १९७२ मध्ये बर्कली गावात एका काळ्या सांस्कृतिक केंद्रात काळ्या वीरांवर प्रदर्शन होतं. त्यासाठी तिनं हे खोकं केलं. 'आंट जेमायमाची मुक्ती' असं त्याचं नाव. शेजारच्या ओकलंडमध्ये १९६६ ला ब्लॅक पँथर निघाली होती. आणि ज्या १९७२ ला हे खोकं झालं, त्याच साली इकडं मुंबईत दलित पँथर. पोरांना हा योग भारी वाटला. मलाही वाटतो. पण योग म्हंजे अर्थ नव्हे.

खोकं साधारण १२ इंच उंच, ८ इंच रुंद. मधली बाहुली बेट्टी सारनं घडवलेली नाही, बाजारातून आणलेली आहे. गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात ठेवायची वस्तू. पुढं वही अडकवायची आणि किराणा आणायची यादी लिहायची. म्हंजे बाईचं पोट ही यादी लिहायची जागा! झाडू तिच्या हातात कारखान्यातूनच आलेला आहे. रायफल बेट्टी सारनं दिली. वहीच्या जागी तिनं एक जुनं पोस्टकार्ड लावलं. त्यावर दुसरी काळी दाई, तिच्या काखेत रडणारं उजळ रंगाचं पोर. ते पोर मालकाकडून झालेलं, गुलामगिरीत काळ्या बाईच्या देहाचं काय होत होतं ते त्या पोराच्या रंगात दिसतं, असं स्वतः चित्रकर्तीनंच सांगितलंय. पोस्टकार्डापुढं वळलेली काळी मूठ. पायाशी पांढरा कापूस. आणि मागच्या भिंतीवर ओळीनं चिकटवलेली एकाच हसऱ्या बाईची लेबलं.

ही हसरी बाई म्हंजे आंट जेमायमा. पिठाच्या पुड्यावरचं चित्र. आपल्या धिरड्यासारखा एक गोड प्रकार तिकडं न्याहारीला करतात, त्याच्या तयार पिठाचा हा छाप. १८८९ पासून चालू. १८९३ च्या शिकागोच्या जत्रेत कंपनीनं नॅन्सी ग्रीन नावाची, गुलामीत जन्मलेली बाई जेमायमा म्हणून उभी केली आणि तिच्याकडून धिरडी करवून घेतली. हा छाप मोडीत काढायचं कंपनीनं २०२० साली जाहीर केलं. १८८९ ते २०२०. हिशोब तुम्हीच करा.

आता रंग.

बाहुलीचा चेहरा डांबरासारखा काळा. ओठ लालभडक. डोळे वटारलेले, त्यांचा पांढरा भाग भगभगीत. पहिला प्रश्न, हा काळा कुणाच्या अंगाचा आहे? कुणाच्याच नाही. आफ्रिकेत नाही, अमेरिकेत नाही, आपल्या उन्हात उसाच्या फडात राबणाऱ्याचाही नाही. हा काळा डब्यातला आहे. एका फटकाऱ्यात मारलेला, सपाट, चकचकीत. त्यात सावली नाही, उजेड नाही, घाम नाही. आपल्या भाषेत 'तोंड काळं करणं' म्हणतात ना, तेच हे. एखाद्याची बेअब्रू करायची तर त्याच्या तोंडाला काजळी फासतात. अमेरिकेच्या कारखान्यांनी एका अख्ख्या समाजाच्या तोंडाला काजळी फासली आणि वर त्याला खेळणं म्हणाले.

दुसरा प्रश्न, एवढा काळा कशासाठी? तर पांढरं उठून दिसावं म्हणून. चित्रकलेच्या वर्गात शिकवतात, गडद रंगाशेजारी फिका रंग ठेवला की दोन्ही जोरात बोलतात. वर्गात ही गोष्ट निरागस असते, बाजारात नसते. जेमायमाच्या काळ्या चेहऱ्याचं काम काय? पुड्यातलं पीठ पांढरंशुभ्र वाटावं. दाईच्या काळ्या हाताचं काम काय? मालकाचं पोर गोरं दिसावं. काळ्याला तिथं स्वतःचं असं काही नाही, तो पांढऱ्याच्या सेवेला उभा. रंगाच्या पातळीवरसुद्धा नोकरीच.

बेट्टी सारनं केलं काय? तिनं बाहुलीचा चेहरा पुसून 'खऱ्या' रंगात रंगवला नाही. ओठ बारीक केले नाहीत. शत्रूनं मारलेला काळा तसाच ठेवला आणि त्याच्यापुढं दुसरा काळा आणून ठेवला, मुठीचा. हीही मूठ सपाट काळी, सावलीशिवाय. नुसतं डोळ्यांना विचाराल तर दोन्ही काळे सारखेच. एक फासलेला आणि एक स्वतः घेतलेला. पोस्टकार्डातली दाई धरली तर तिसरा काळा, छापखान्याचा, कुठंही डाकेनं पाठवायचा. म्हंजे वीतभर खोक्यात काळा तीन वेळा येतो आणि तीन वेळा त्याचा मालक बदलतो. मला वाटतं खोक्याचा जीव इथं आहे, रायफलीत नाही. रायफल कुणालाही दिसते.

आपल्याला ही गोष्ट लवकर कळायला हवी. ज्या शब्दांनी गावानं आपल्याला हाक मारली ते शब्द आपल्या कवींनी कागदावर जसेच्या तसे आणले, तेव्हा सदाशिवपेठेला घाम फुटला होता. घाण शब्द आहेत, धुऊन आणा, असं सुचवणारे हितचिंतक कमी नव्हते. शब्द तोच. बोलणारा बदलला.

कापसाकडंही जरा बघा. मी कापसाच्या मुलखातला. वेचणीला गेलेल्या बाईच्या बोटांना बोंडाच्या टोकांनी कसे चिरे पडतात ते आईच्या हातावर पाहिलंय. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला आणि आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईचे शेटजी त्यावर गब्बर झाले. वेचणारीला काय मिळालं ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. खोक्यातला पांढरा कापूस बघून पोरं म्हणाली, हे ढग आहेत का? नाही रे बाबांनो. बाहुली ज्याच्यावर उभी आहे तो तिचा कामाचा रगाडा आहे. या खोक्यातला सर्वात मऊ पदार्थ सर्वात क्रूर आहे.

याच साली बेट्टी सारनं आणखी एक काम केलं. 'तुमचं मनोरंजन करू द्या' असा त्याच्या नावाचा अर्थ. तीन घरं. पहिल्यात बँजो वाजवणारा खेळण्यातला काळा गवई. दुसऱ्यात तोच, पण झुंडीनं काळ्यांना ठार मारल्याच्या फोटोवर चढवलेला. तिसऱ्यात तोच माणूस, हातात बँजोऐवजी रायफल आणि मागं लाल, काळा, हिरवा. हे तीन रंग १९२० पासून मार्कस गार्वीच्या चळवळीच्या झेंड्याचे. इथं लाल बघा. असल्या खेळण्याच्या ओठांवर जो लाल टिंगलीसाठी फासायचे, तोच लाल पाठीमागं झेंडा होऊन उभा राहतो. मला हे काम थोडं सरळसोट वाटतं, घोषणेसारखं. एक, दोन, तीन, क्रांती! खोकं जास्त अवघड आहे, म्हणून जास्त टिकतं.

आणि आता पोरांनी न बघितलेली चित्रं. २०२१ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, बेट्टी सारनं लॉस एंजेलिसमध्ये जलरंगांचं प्रदर्शन लावलं. स्वतःच्या संग्रहातल्या काळ्या बाहुल्या तिनं कागदावर रंगवल्या होत्या. ज्या कधी कुणाच्या तरी कुशीत झोपल्या असतील अशा खेळण्यातल्या बाहुल्या. प्रदर्शनाचं नाव 'ब्लॅक डॉल ब्लूज'. ब्लूज म्हंजे काळ्यांचं दुःखाचं गाणं, आणि ब्लू म्हंजे निळा. नावातच काळा आणि निळा शेजारी.

जलरंगाची एक गंमत आहे. ज्यांनी शाळेत रंगपेटी वापरली त्यांना माहीत असेल, ज्यांना मिळाली नाही त्यांच्यासाठी सांगतो. या रंगात पांढरा वेगळा मारावा लागत नाही, कागदाचा पांढरा तसाच सोडायचा. आणि काळा एका फटकाऱ्यात मारला तर मेल्यासारखा दिसतो. जिवंत काळा हवा तर थर द्यावे लागतात. तपकिरीवर निळा, त्यावर जांभळट, एक थर वाळला की दुसरा. खालचा थर वरच्यातून दिसत राहतो. कारखान्यानं जो चेहरा एका हातात उरकला, त्याच चेहऱ्यावर बसायला या रंगाला वेळ लागतो. माझ्या मते हे रायफल देण्याइतकंच मोठं काम आहे. पन्नास वर्षांपूर्वी तिनं बाहुलीला हत्यार दिलं. म्हातारपणी तिला कातडी दिली.

पोरं म्हणाली, 'पण दादा, निळा आहेच की मग!' आहे. पण हा निळा आपला नाही. आपला निळा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या झेंड्यापासून आलेला. आभाळ म्हणा, समता म्हणा, त्याला बघून आपली छाती फुगते. त्यांचा निळा कण्हतो. त्या निळ्यामागं रात्र आहे, गाणं आहे, दक्षिण कॅरोलिनात नीळ पिकवताना मेलेले गुलाम आहेत. तिकडून रंगाचं नाव उसनं आणून आपला अर्थ त्यात ओतला तर दोन्ही निळे फिके पडतील.

काळ्याचंही तसंच. इथं माझं पोरांशी खरं भांडण आहे. 'ते काळे, आपण दलित, एकच गोष्ट.' दुःखाला एकच म्हणा, माझी ना नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केली, बाबासाहेबांनी १९४६ साली डू बॉइस यांना पत्र लिहिलं. ते नातं पक्कं आहे. पण रंग म्हणाल तर आपली गोष्ट वेगळी.

माझी आजी चिंध्यांची बाहुली करायची. अंगाला मिळेल ती चिंधी, तोंडाला मात्र जुन्या धोतराची पांढरी, काजळानं डोळे. आम्ही सगळे काळेसावळे. मी एकदा विचारलं, आजी, हिचं तोंड आपल्यासारखं का नाही? आजी म्हणाली, 'काळ्या भावलीसंगं कोण खेळतंय रं? ती दारावर टांगत्यात.' तिकडं क्लार्क नवराबायकोनं १९४० च्या आसपास काळ्या पोरांपुढं गोरी आणि काळी बाहुली ठेवून विचारलं, चांगली कुठली? बहुतेक पोरांनी गोरी दाखवली. १९५४ च्या शाळांच्या खटल्यात कोर्टापुढं ते मांडलं गेलं. आजीला कुणी विचारलं नाही.

पण आजीचं वाक्य नीट ऐका. टांगत्यात. आपल्याकडची काळी बाहुली हसायला नाही, नजर काढायला आहे. नव्या इमारतीला, ट्रकला, दुकानाला, लिंबू-मिरचीसोबत, बिब्ब्यासोबत. घरातल्या गोऱ्या बाळाला गालावर तीट, आणि घराबाहेर ही. आतल्यांवरची पीडा हिनं बाहेर राहून आपल्या अंगावर घ्यायची. मित्रांनो, हे काम ओळखीचं वाटतं का? गावाची वेस राखणारा येसकर कोण होता? गाव त्यानं राखायचं, आणि गावात राहायचं मात्र नाही. अमेरिकेच्या खेळण्यात विरोध आहे काळ्या-पांढऱ्याचा. आपल्या काळ्या बाहुलीतला विरोध आतल्या-बाहेरच्याचा आहे. काळा रंग इथं फक्त पाटी आहे.

आणि पाटीच बांधली होती आपल्याला. १९३६ च्या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलंय, अस्पृश्यानं ओळखू यावं म्हणून मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा बांधायचा, आणि पेशव्यांच्या पुण्यात कमरेला झाडू. दोरा का लागला? कातडीवरून कळत नव्हतं म्हणून! ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत, हे बाबासाहेबांनी १९४८ च्या पुस्तकात नाकाच्या मापांवरून दाखवलं. गुलामाला रंग चिकटलेला होता, खेळणेवाल्यानं तो वाढवला. आपल्याला रंग बाहेरून आणून बांधावा लागला. म्हणून भिंतीवर डांबरी काळ्या तोंडाची दलित बाई काढाल, तर जे पेशव्यांना दोऱ्यानं करावं लागलं ते तुम्ही ब्रशनं कराल.

जाता जाता कारा वॉकरचं सांगतो. ही नंतरच्या पिढीची काळी चित्रकर्ती. काळ्या कागदाच्या आकृत्या कापून पांढऱ्या भिंतीवर लावते. त्यात गुलामांचे घाणेरडे, चावट प्रकार. १९९७ ला तिला मोठी शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा याच बेट्टी सारनं तिच्याविरुद्ध पत्रांची मोहीम काढली. गोऱ्यांना आवडतील अशी आपलीच विटंबना म्हणाली. राग समजतो. पण वॉकरच्या भिंतीवर मालकही काळा आणि गुलामही काळा, कारण कागद एकच. तरी कोण कोण ते बघणाऱ्याला क्षणात कळतं. कशावरून? ओठ, केस, उभं राहणं, म्हंजे बघणाऱ्याच्या डोक्यात आधीच बसलेल्या खुणांवरून. आडनाव विचारून जात ओळखणाऱ्या आपल्या देशाला हे चित्र जास्त जवळचं आहे. पोरांनी तेही बघावं.

भिंतीचं काय झालं ते सांगतो. कच्चं चित्र खडूनं काढलं होतं. पुरुषभर उंच बाई, लुगडं, झाडू, बंदूक. आमच्या शेजारची एक बाई नगरपालिकेत ठेक्यावर झाडते. पहाटे पाचला निघते. ती थांबली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, 'बंदूक खोटी काढाल, झाडू मात्र खरा निघंल.'

पोरं गप्प. मीही. मग घरी येऊन फोटो पुन्हा बघितला तेव्हा लक्षात आलं, माझ्या नजरेतून सुटलं होतं ते बाईनं पकडलं. खोक्यात झाडू आणि रायफल शेजारी चालतात, कारण दोन्ही खेळण्यातले आहेत. दोन्ही बोटाएवढे. बाहुलीच्या जगात दोघांचं वजन सारखं. तेच चित्र पुरुषभर उंच करा आणि ज्या रस्त्यावर खरा झाडू चालतो त्या रस्त्यावर लावा, वजन बिघडतं. बंदूक खेळणंच राहते आणि झाडू नोकरी होतो. बेट्टी सारचं चित्र लहान आहे म्हणून ते खरं आहे.

रविवारच्या बैठकीत मी सुचवलं, भिंतीवर आपली काळी बाहुली काढा. दारावरची. तिचा दोरा तोडून, सुलटी करून, जमिनीवर उभी केलेली. काळा थरांचा द्या, सावकाश. मागं निळा असेल तर असू दे, पण तिच्या अंगात निळा उतरला पाहिजे. पोरांना पटल्यासारखं वाटलं. मग एकजण म्हणाला, समोर ठेवून काढायला खरी बाहुली लागेल. सगळ्यांनी रिक्षावाल्या मित्राकडं बघितलं. त्याच्या रिक्षाला मागं एक टांगलेली आहे, शेजारी पंचशीलाचा झेंडा. तो म्हणाला, बंदूक काढायला मी तयार होतो, पण ती सोडायची म्हंजे... घरचे काय म्हणतील?

निळ्याचा डबा माझ्या घरी आहे. बाहुली आणायचं मित्रानं कबूल केलंय. दोरा कुणी तोडायचा यावर अजून वाद चालू आहे.